परसातला देव वाजला

लग्न होऊन मी बोरीला आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला घरातल्या देवांच्या पाया पडायला नेलं. देवघरात अकरा देव होते आणि बाराव्यासाठी परसात जावं लागलं. कडुनिंबाच्या बुंध्याशी, अर्धा जमिनीत रुतलेला, मोठ्या घागरीएवढा तो शेंदराचा तांदळा होता. नाक-डोळे नाहीत, नाव नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "हा राखणदार. ह्याच्या पाया पडायचं, पण ह्याचं काही विचारायचं नाही."

मी पाया पडले. विचारायचं नाही म्हटल्यावर गप्प बसणारी मी नव्हे. पण नव्या नवरीला विचारायला माणूस लागतो, आणि तो मिळायला मला सहा महिने लागले.

मोठ्या बाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. माझ्या सासूबाई धाकट्या लेकीच्या बाळंतपणात गेल्या, तेव्हापासून माझे यजमान आणि माझी नणंद, दोघांनाही मोठ्या बाईंनीच वाढवलं. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. वय पंचावन्न, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि केस असे की रविवारी न्हायल्या तर सोमवारी दुपारपर्यंत वाळायचे नाहीत. त्यांच्या यजमानांचा घरात कुणी उल्लेख करत नसे. ते वारलेले नव्हते, कारण बाई सवाष्ण होत्या. आणि ते घरातही नव्हते. मधल्या जागेत कुठंतरी होते.

ही मधली जागा मला शेवटी आमच्या म्हाताऱ्या सालगड्यानं समजावून सांगितली. थोरले मालक म्हणे पंचांग आणायला मुंबईला गेले. परभणीला पंचांग मिळत होतं; तरी मुंबईला गेले, यावरूनच घरच्यांनी काय ते ओळखायला हवं होतं. दोन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं की मी जहाजावर नोकरीला लागलो आहे. पंचांगाचा उल्लेख नव्हता. माझ्या आजेसासऱ्यांनी ते पत्र वाचून अंगावरच्या धोतरासकट विहिरीवर आंघोळ केली. ब्राह्मणाच्या मुलानं समुद्र ओलांडला म्हणजे तो मेला तरी परवडला, असा तो काळ. मुलाचं नाव पुन्हा घरात काढायचं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि स्वतः मरेपर्यंत काढलं नाही.

"आन् चार वर्सांनी त्यांनी धाडलेलं ते आलं," गडी म्हणाला आणि कडुनिंबाकडं हात केला.

"काय आलं?"

"ते कुणाला ठावं? तरटात शिवलेलं बोचकं हुतं. लय जड. त्यांच्या बापानं, थोरल्या म्हाताऱ्यानं, ते घरात घिऊ दिलं न्हाई. समुद्रावरून आलेलं, बाटलेलं. म्हनले, टाका तिकडं परसात."

टाकलं. पावसानं ते रुतलं. हलवायची कुणाची छाती होईना, आणि जी वस्तू कुणी हलवत नाही तिला आमच्याकडं फार काळ नुसती वस्तू राहता येत नाही. एका पोळ्याला गड्यानं बैलांच्या शिंगांचा उरलेला शेंदूर त्या तरटाला फासला. पुढच्या वर्षी नारळ फुटला. मग मोठ्या बाईंनी रोज सकाळी पाणी घालायला सुरुवात केली. नवऱ्यानं पाठवलेली वस्तू जवळ ठेवायची त्यांना बंदी होती. देवाची पूजा करायला बंदी नव्हती. तेहेतीस वर्षं बाई त्या बोचक्यासमोर बसून फुलं वाहत होत्या आणि आत काय आहे ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. हे ऐकून मला पहिल्यांदा राग आला आणि मग काय करावं ते कळेना, म्हणून मी जाऊन धुणं धुतलं.

त्या वर्षी माझ्या नणंदेचं स्थळ तिसऱ्यांदा फिसकटलं. पहिलं पत्रिकेवरून, दुसरं हुंड्यावरून, आणि तिसऱ्यांनी काही कारणच दिलं नाही. तेव्हा भटजींना बोलावलं. भटजी बोटं मोजून म्हणाले, "घरातल्या एका माणसाचं क्रियाकर्म राहिलंय. तो अडवायलाय."

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, ते पटलं. भाऊ जिवंतपणी अडवणूक करणाराच होता, असं ते म्हणाले. पिंगळीच्या स्टेशनावर एका व्यापाऱ्यानं कधीकाळी त्यांना सांगितलं होतं की ते जहाज बुडालं. कोणतं जहाज, कुठं, हे व्यापाऱ्याला माहीत नव्हतं. पण व्यापारी मोठा होता. माणूस बारा वर्षं बेपत्ता असला की त्याचं प्रेत करता येतं. पळसाच्या तीनशेसाठ पानांचा माणूस रचायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि रीतसर अग्नी द्यायचा. पितृपक्षातली अमावास्या ठरली. गड्याला पानं आणायला सांगितलं. न्हाव्यालाही निरोप गेला.

न्हाव्याचा निरोप कशासाठी, हे मला उशिरा समजलं. नवरा जळाल्यावर ब्राह्मणाच्या विधवेचे केस ठेवत नसत. शहरात हे बंद पडत चाललं होतं, पण बोरीला बातमी उशिरा पोचे. पानांचा माणूस जळाला की त्याच दिवशी मोठ्या बाईंचं कुंकू पुसणार, बांगड्या फुटणार आणि ते केस न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली जाणार. आणि ज्या पोरीच्या लग्नासाठी हे चाललं होतं, जिला त्यांनी चमच्यानं दूध पाजून वाढवलं, तिलाच हळद लावायला त्यांना पुढं जाता येणार नव्हतं. मी मोठ्या बाईंना विचारलं, तुम्ही काही म्हणत का नाही? त्या डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पोरीचं लग्न व्हायला पाहिजे." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मला वस्तऱ्याची भीती वाटती गं. लय भीती वाटती." आणि पुन्हा डाळ निवडू लागल्या.

माझे यजमान जिंतूरच्या कचेरीत नकलनवीस होते. निजामीत सुट्टी शुक्रवारची; गुरुवारी रात्री ते यायचे. मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वडिलांपुढं मी काय बोलणार?" त्यांची उर्दू फार चांगली होती.

मग पोळा आला. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झूल घालून परसात राखणदाराच्या पाया पडायला आणले. आमच्याकडं एक बैल मारका होता. त्याला देवापुढं मान वाकवायला लावली, तशी त्यानं ती वाकवली आणि देवाला शिंगाखाली घेतलं. शेंदराची सगळी खोळ, आतल्या तरटासकट, नारळाच्या करवंटीसारखी निघून बाजूला पडली. बैलानं दुसऱ्यांदा शिंग मारलं तेव्हा देव वाजला.

मोठ्यानं वाजला. शेजारच्या गल्लीतली माणसं आली. गडी तर चिखलातच आडवा पडला होता, आणि बैल तेवढा शांत होता. मामंजी घाईघाईनं आले, भटजींना बोलावणं गेलं, आणि सगळ्यांनी मिळून पाहिलं, तर पालथी ठेवलेली एक पितळेची घंटा होती. देवळातल्या घंटेपेक्षा मोठी, जाड, आणि तिच्या अंगावर गोल अक्षरं कोरलेली.

अक्षरं इंग्रजी होती. मामंजींना मोडी येत होती, यजमानांना उर्दू, भटजींना संस्कृत असावं असा समज होता. गावात शाळा होती, तिथल्या मास्तरांना इंग्रजीतलं फक्त स्वतःचं नाव येत होतं. माणसं घंटेभोवती उभी राहून एकमेकांकडं बघू लागली. मी दाराआड होते. मी दाराच्या खांबाला उद्देशून म्हणाले, "मला येतं वाचता."

हे खांबाचं सांगायला हवं. सुनेनं सासऱ्यांशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरची रीत. बोलायचं झालं तर खांबाला सांगायचं. खांबाजवळ मामंजी असले तर त्यांनी ऐकायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. वर्षभरात त्या खांबाला मी पुष्कळ काही सांगितलं होतं.

मला इंग्रजी येत होतं त्याचं कारण माझे वडील परभणीत मास्तर होते. ते संध्याकाळी माझ्या भावाला कंदिलाशी इंग्रजी शिकवत, आणि मी समोर बसून वाती वळत असे. पुस्तक भावाच्या बाजूला सुलटं, माझ्या बाजूला उलटं. भाऊ दोनदा नापास झाला. मी उलटं वाचायला शिकले.

घंटेवरचं मी वाचलं. एका बाईचं नाव होतं, गोऱ्या बाईचं, आणि खाली एक साल. मी ते खांबाला सांगितलं. मोठ्या बाई आत निघून गेल्या.

संध्याकाळी चुलीपाशी त्यांनी मला विचारलं, "गोरी असंल का गं?"

"कोण?"

"ती. नाव कोरलंय ती."

मग मला कळलं. मी म्हणाले, अहो, ते जहाजाचं नाव आहे. इंग्रज जहाजाला बाईचं नाव ठेवतात आणि ते घंटेवर कोरतात, असं भावाच्या पुस्तकात होतं. त्यांनी तव्यावर भाकरी टाकली.

"जहाजाला बाईचं नाव कामून ठेवत्यात?"

"माहीत नाही."

"बाईच्या जिवावरच तरंगत असंल," त्या म्हणाल्या आणि भाकरी उलटली.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि सकाळी उठल्याबरोबर मी खांबापाशी गेले. मामंजी ओसरीवर सुपारी कातरत होते. मी खांबाला म्हणाले, "जहाज बुडालं म्हणतात. बुडालेल्या जहाजाची घंटा बोरीला कशी आली? घंटा आधी पोहायला शिकली होती का?"

दुसरं वाक्य बोलायला नको होतं. पण मामंजींचा अडकित्ता थांबला. त्यांनी भटजींना बोलावलं आणि तेच वाक्य, पोहण्याचं वगळून, स्वतःचं म्हणून विचारलं. भटजी म्हणाले, जहाज बुडालं नसेल तर माणूस जिवंत असू शकतो; आणि जिवंत माणसाचं प्रेत जाळलं तर जाळणाऱ्याला फार मोठा दोष. जाळणारे मामंजी होते. पळसाची पानं आली होती, ती आम्ही पुढं महिनाभर पत्रावळींना वापरली.

घंटेचं काय करायचं, हाही प्रश्न होताच. समुद्र ओलांडलेली असल्यानं देवळात चालत नव्हती, आणि तेहेतीस वर्षं नैवेद्य खाल्ल्यामुळं नुसती घंटाही म्हणता येत नव्हतं. पंधरा दिवसांत गड्यानं देव उघडा बरा दिसत नाही म्हणून तिला पुन्हा शेंदूर लावला.

मुंबईच्या गोदीच्या कचेरीला पत्र धाडायचं ठरलं. ते माझ्या भावानं परभणीहून लिहिलं, जहाजाचं नाव, थोरल्यांचं नाव, गाव सगळं घालून, आणि उत्तराचा पत्ता बोरीचा दिला. उत्तर येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. चार महिन्यांनी, ऐन माघात, ते आलं. मामंजींनी लखोटा फोडला, कागद खांबापाशी ठेवला आणि स्वतः दोन पावलं मागं सरकून म्हणाले, "वाच म्हणावं." मोठ्या बाई माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. नणंदही आली.

मी कागद उचलला आणि सवयीनं उलटा धरला. मामंजी म्हणाले, "उलटं धरलंय."

"इंग्रजी असंच वाचतात," मी खांबाला सांगितलं.

मजकूर सात-आठ ओळींचा होता. सगळं इंग्रजी मला येत नव्हतं, पण माझ्या भावाच्या वाचनमालेत एक कुत्रा मेला होता, त्यामुळं तो शब्द मला पाठ होता. थोरल्यांचं नाव होतं, आमच्या गावाचं नाव होतं, आणि मग तो शब्द. ताप येऊन. जहाजावरच. तारीख दिली होती. देह समुद्रात सोडला. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की जहाज त्यानंतर मोडीत काढलं, आणि त्याचीही तारीख.

मी ते दोनदा वाचलं. कागदाच्या वरच्या कडेवरून मला मोठ्या बाईंचे पाय दिसत होते, बोटांतल्या जोडव्यांसकट. माझ्या तोंडून खरं निघालं की न्हावी येणार, हे मला माहीत होतं, आणि घरातल्या एकालाही ते पत्र तपासता येणार नाही, हेही माहीत होतं. मी मोठ्यानं, थांबत थांबत, वाचल्यासारखं म्हणाले, "सदर इसम रंगून बंदरावर जहाजातून उतरून गेला. पुढं कुठं आहे, याची माहिती कचेरीजवळ नाही."

रंगून हे मला माहीत असलेलं एकच लांबचं बंदर होतं.

मामंजी म्हणाले, "तरी म्हटलंच." ते रागावले आणि मला वाटतं त्यांना बरंही वाटलं. भाऊ मेला नव्हता, नालायकच होता. हे त्यांना जास्त ओळखीचं होतं. भटजींनी मग दुसरा दोष शोधून काढला, त्याला पाच ब्राह्मणांचं जेवण पुरलं. चौथं स्थळ पालमचं आलं आणि त्यांनी कोणतीच हरकत घेतली नाही. वैशाखात लग्न ठरलं.

मी स्वतःवर खूश होते. असं खोटं मी आयुष्यात बोलले नव्हते आणि ते इतकं छान बसलं होतं. मग आठ दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मोठ्या बाई परसात जात नाहीत. देवाला पाणी नाही, फूल नाही. गड्यानं विचारलं तर म्हणाल्या, "पाय दुखायलेत." जेवायला बसत, अर्धी भाकरी मोडून ठेवून देत. कुंकू लावत होत्या, पण आरशात न बघता, कसंतरी. एकदा पापड लाटता लाटता मला म्हणाल्या, "रंगूनला बायका देखण्या असत्यात म्हणे."

मी काय केलं होतं ते मला तेव्हा समजलं. केस वाचवायला गेले आणि बाईला टाकलेली करून ठेवली. तेहेतीस वर्षं ती बाई एका माणसाची वाट बघत होती, आणि मी एका वाक्यात त्याला दुसऱ्या देशात, दुसऱ्या कुणापाशी नेऊन बसवलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पापड तीन जागी फाटला.

दुसऱ्या दिवशी मामंजी शेतावर गेले तेव्हा मी त्यांना परसात घेऊन गेले. पत्र माझ्या पेटीत होतं. त्यांना वाचता येणार नव्हतं, तरी मी कागद त्यांच्या हातात दिला आणि खरं ते सगळं सांगितलं. ताप, जहाज, समुद्र. रंगून माझं, असंही सांगितलं. त्या रडतील असं मला वाटलं होतं. त्या कडुनिंबाखाली बसल्या, कागदाची घडी घातली, उलगडली, आणि विचारलं, "कधी?"

मी साल आणि महिना सांगितला. तो अश्विन पडत होता. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. अश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. पाच बोटं झाली, दुसरा हात घेतला.

"हे बोचकं चैत्रात आलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी मोजलेली बोटं मिटली.

"मंजी ह्यांनी नाही धाडलं."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते गड्यानं सांगितलं नव्हतं, कारण तो त्या दिवशी शेतावर होता. बोचकं घेऊन एक खलाशी आला होता. मुसलमान होता, दूरचा, कोकणाकडचा. परभणीपासून गाडीनं, पुढं पायी, डोक्यावर ते ओझं. दाराशी येऊन म्हणाला, थोरल्यांच्या घरच्यांना भेटायचंय, एक गोष्ट सांगायचीय. आजेसासऱ्यांनी त्याला ओळख विचारली, जहाजावरचा म्हटल्यावर वीस पावलं लांब उभं केलं, आणि सांगितलं, आमच्याकडं त्या माणसाचं नाव काढत नाहीत, तुम्हीही काढू नका. तो म्हणाला, एकच गोष्ट. आजेसासरे म्हणाले, एकही नाही. मोठ्या बाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. दाराआडून ऐकत होत्या. पाहुणा उपाशी जाऊ नये म्हणून त्यांनी भाकरी आणि ठेचा पानावर घालून घरी कामाला असलेल्या गडिणीच्या हाती इथं, ह्याच झाडाखाली, पाठवला.

"तो खाता खाता डोळे पुसायला लागला," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला वाटलं, ठेचा तिखट झाला."

त्या घंटेकडं बघत राहिल्या. नव्या शेंदरावर एक मुंगळा चढत होता, तो त्यांनी बोटानं खाली सोडला.

"पाणी पाठवलं मी. दुसऱ्यांदा पाठवलं. गूळ पाठवला. तो गेला. मी भांडी घासताना गडिणीला म्हणाले बी, पुढल्या वेळी मिरच्या कमी घालू." मग त्या माझ्याकडं वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांनी त्याला बोलू दिलं असतं ना, तर बाविसाव्या वर्षी माझं डोकं भादरलं असतं. सोवळं सोवळं म्हणून आमी त्यांना जन्मभर नावं ठेवली. त्यांच्या सोवळ्यानंच वाचवलं बघ मला."

असं म्हणून त्या हसल्या, मीही हसले, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. पदर तोंडात कोंबून रडल्या, कारण तेवढ्यात मामंजी शेतावरून परत आले होते आणि ओसरीवर पाय धूत होते. घरात लग्न ठरलेलं, नवरा रंगूनला धडधाकट. अशा सवाष्णीला रडायचं कारण काय, असं कुणी विचारलं असतं तर आम्हा दोघींनाही सांगता आलं नसतं.